दिवसा झोपणाऱ्याचं छप्पर

अगं, परवा तू फोनवर म्हणालीस, "ताई, हे थर्ड शिफ्ट करून सकाळी चाकणहून येतात, अंथरुणाला पाठ टेकतात आणि बाराच्या आत घामानं निथळून उठून बसतात." तेव्हापासून तेच डोक्यात आहे. रात्री झोपणाऱ्याला निदान पहाटेचा गारवा मिळतो. दिवसा झोपणाऱ्याच्या तर ऐन झोपेत स्लॅब तापत जातो. तसाच अर्धवट झोपलेला माणूस पुन्हा रात्री मशीनपुढे उभा राहणार. म्हणून आज तुझ्याशी गच्चीबद्दलच बोलायचंय.

एसी घ्यायचा तर जरूर घे, पण आधी छप्पर बघ. नाहीतर वरून स्लॅब तापत राहील आणि खाली तू बिल भरत राहशील.

प्राधिकरणातलं तुमचं घर सासऱ्यांनी किती हौसेनं बांधलं! १९७२ साली पिंपरी-चिंचवडला नवनगर विकास प्राधिकरण आलं, ते कारखान्यांत राबणाऱ्या माणसांना हक्काचं घर मिळावं म्हणून. घरं झाली, पण डोक्यावर राहिला चार-पाच इंची उघडा स्लॅब. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळनंतर तेच खाली सोडत बसतं. आपल्या आजोळचं धाब्याचं घर आठवतं ना? तुळयांवर मातीचा जाड थर होता, म्हणून भर दुपारी आजी तिथं गोधडीला टाके घालत बसायची.

माझी चूक तू करू नकोस. मी आधी खोलीच्या आतून, स्लॅबखाली थर्माकोल लावून वर पीओपी करून घेतलं. दिसायला छान झालं. पावसाळ्यात वरचं पाणी त्याच्या आड मुरत राहिलं, आणि कळलं तेव्हा बुरशी धरली होती, सळईला गंज चढला होता. शिवाय आतून लावल्यानं स्लॅब काही तापायचा थांबत नाही. तो फुगतो, आकसतो, त्याला चिरा पडतात. ऊन अडवायचं ते स्लॅबच्या वर, हे मी पैसे घालवून शिकले.

म्हणून आधी पाणी, मग ऊन, हा क्रम सोडू नकोस. आतून छताला काठीनं हलकेच ठोकून बघ. पोकळ आवाज आला, प्लास्टर फुगलेलं दिसलं, गंजाचे डाग दिसले, तर तिथं आपलं काम संपलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलाव. वर कोबा असेल तर 'त्यावर आणखी एक थर टाकू' असं कुणी म्हटलं तरी लगेच हो म्हणू नकोस. एक इंच काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला साठेक किलो वजन, आणि जुन्या स्लॅबनं ते किती सोसायचं? चिरा बुजव, पॅरापेट आणि गच्चीच्या सांध्यातला सिमेंटचा गोलसर वाटा नीट करून घे, पाणी पाइपाकडे उतरतंय ना, ते बादलीभर पाणी ओतून बघ.

मग पांढरा रंग. काळपटलेलं सिमेंट निम्म्याहून जास्त ऊन पोटात घेतं, तर ताजा पांढरा थर बरंचसं ऊन आल्या वाटेनं परत पाठवतो. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ अंशांवर गेला. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेनं उष्णतेशी लढायचा आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करणं त्यात आलं. तेलंगणानं तर २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. म्हणजे हा घरगुती तोडगा सरकारांनीही उचललाय.

स्वस्तात करायचं तर कळीचा चुना. भिजवताना तो उकळतो, म्हणून लोखंडी पिंप घे, डोळ्यांना बंद चष्मा आणि हातांत रबरी मोजे घाल, मुलांना जवळ येऊ देऊ नकोस. रात्रभर मुरू दे, कापडातून गाळ, चिकटायला थोडा फेविकॉल घाल, आणि घासून धुतलेल्या गच्चीवर दोन-तीन हात मार. चुना दरवर्षी मारावा लागतो. टिकाऊ हवं असेल तर कूल रूफचा रंग घे, पण डब्यावर एसआरआयचा, म्हणजे उन्हात छप्पर किती थंड राहतं त्याचा, आकडा वाचून. या मापात ठरावीक काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि पांढऱ्याला शंभर धरतात, तेव्हा शंभरच्या आसपासचा घे. दिवाळीनंतर, स्लॅब पूर्ण सुकल्यावर काम काढ. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला शेवाळ घासायला विसरू नकोस, कारण पांढरेपणा गेला की थंडावाही गेला.

आता गाडीचं शेड. झोपायच्या खोलीची पश्चिमेची भिंत त्यालाच लागून आहे, म्हणून ते सोडून चालणार नाही. तुझ्या नवऱ्याला विचार, चाकणच्या कारखान्याच्या शेडमध्ये पत्र्याखाली चकचकीत फॉइल लावलेलं त्यांनी बघितलं असेल. तेच बबल फॉइल घरी लावता येतं. पण ते पत्र्याला चिकटवायचं नाही. मध्ये निदान इंचभर हवेची पोकळी ठेव, कारण चकाकी काम करते ती मोकळ्या हवेसमोर. काचलोकर वापरलीत तर मास्क, मोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. उघडा थर्माकोल तिथं अजिबात नको. शेजारी पेट्रोलची गाडी, स्कूटरचं चार्जिंग, आणि थर्माकोल भराभर पेटतो. इन्व्हर्टरची बॅटरी तिथंच असेल तर शेड गच्च बंद करू नका. चार्ज होताना तिच्यातून वायू सुटतो, म्हणून वर जाळीचा झरोका ठेवा. शटर बाहेरून पांढरं करा.

पत्रे जुने सिमेंटचे असतील तर हात जोडून सांगते, त्यांना भोक पाडू नका, घासू नका, त्यांच्यावर पाय देऊ नका. त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात बसते, आणि जुना पत्रा पायाखाली एकदम फुटतो. ते काम जाणकाराचं.

खिडकीचं ऊन पडद्यानं आत अडवू नकोस, काचेच्या बाहेरच अडव. बांबूची चीक किंवा हिरवी जाळी पुरते. नऊच्या आत खिडक्या बंद कर आणि रात्री जाळी लावून सगळं उघड. आपल्याकडची रात्रीची हवा फुकटात खोली थंड करते.

काम सुरू करायच्या आधी आठवडाभर दुपारी तीनला खोलीचं तापमान वहीत लिही, नंतरही लिही. साधारण दोन ते चार अंशांचा फरक पडला तरी झोपणाऱ्याला तो खूप असतो. सगळं एकदम नाही जमलं तर यंदा गळती आणि चुना, पुढच्या वर्षी शेड.

गच्चीवर एकटी चढू नकोस, आणि काम सकाळी लवकर उरकत जा. कसं झालं ते मला नक्की कळव. मी मात्र तुला दुपारी फोन करणार नाही. ते झोपलेले असतील.