मैदान कोणाचे?

(खेळायला सर्वांनाच आवडते, पण खेळण्याची संधी सर्वांना सारखी मिळते का? या पाठात दूर देशातील एका मैदानाची आणि आपल्या पुण्यात घडलेल्या एका खेळाडूची माहिती दिली आहे.)

मुलांनो, नकाशात सिंगापूर शोधा. मलेशियाच्या दक्षिण टोकाशी ठिपक्याएवढा हा देश दिसेल. सिंगापुरात 'लिटिल इंडिया' नावाचा एक भाग आहे. लिटिल इंडिया म्हणजे छोटा भारत. तेथील सेरंगून रोडवरून चालताना आपण परदेशात आहोत, हे तुम्ही विसरूनच जाल. फुलांचे हार, केळीची पाने, गरम डोशांचा वास, देवळातील घंटा आणि तमीळ भाषेतील पाट्या! दिवाळीत तर सारा रस्ता दिव्यांनी उजळून निघतो.

याच भागातील एका रस्त्याचे नाव आहे रेसकोर्स रोड. रेसकोर्स म्हणजे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान. पण आज तेथे एकही घोडा दिसत नाही. मग रस्त्याला हे नाव कसे पडले?

त्या काळी सिंगापुरावर इंग्रजांचे राज्य होते. १८४३ साली येथील मैदानावर घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. शर्यतीचा घोडा पाळायचा म्हणजे मोठा खर्च. त्याला चांगला दाणा हवा, तबेला हवा, चाकर हवेत. त्यामुळे हा खेळ साहेबलोकांचा आणि श्रीमंतांचाच राहिला.

मैदानाच्या आसपास मात्र कष्टकरी लोक राहत. या भागात गवत आणि पाणी भरपूर होते. म्हणून येथे गुरांचा व्यापार वाढला. भारतातून आलेले अनेक लोक त्या व्यवसायात होते. जवळच्या बफेलो रोडचे नाव आजही त्याची आठवण देते. घोड्यांची निगा राखायला मोतद्दार लागत. जावा समुद्रातील बावियन बेटावरून आलेले अनेक लोक सिंगापुरात हे काम करत.

मोतद्दाराचा दिवस कसा जात असेल? पहाटे उठायचे, घोड्याला खरारा करायचा, दाणापाणी द्यायचे, त्याला फिरवून आणायचे. घोड्याला कशाची भीती वाटते, तो कधी रुसतो, हे त्याच्याएवढे कोणाला ठाऊक असणार? पण शर्यत जिंकली, की नाव मालकाचे होई. मैदान मोतद्दाराच्या दारात होते, तरी खेळ त्याचा नव्हता.

इतर खेळांतही अशीच विभागणी होती. १८५२ साली सुरू झालेला सिंगापूर क्रिकेट क्लब गोऱ्या लोकांचा होता. पुढे इतर समाजांनी आपापले क्लब काढले. पण क्लबात जायचे, तर वर्गणी हवी, पोशाख हवा आणि संध्याकाळी रिकामा वेळही हवा. दिवसभर हमाली करणाऱ्याजवळ यांतले काय असणार?

१९३३ साली घोड्यांच्या शर्यती बुकित तिमा या ठिकाणी गेल्या. जुन्या जागेवर लोक फुटबॉल, हॉकी असे खेळ खेळू लागले. हे मैदान 'फॅरर पार्क' या नावाने ओळखले जाते. १९५७ साली तेथे सर्वांसाठी पोहण्याचा तलावही सुरू झाला. जेथे पूर्वी घोड्यांचे मालक मिरवत, तेथे आता सामान्यांची मुले धावू लागली.

सिंगापूरचे प्रसिद्ध फुटबॉलपटू फांदी अहमद यांचे नाव तुम्ही कदाचित ऐकले नसेल. त्यांचा जन्म १९६२ सालचा. घरची गरिबी असल्यामुळे लहानपणी ते नारळाच्या दुधात शिजवलेला भात विकून घराला हातभार लावत. पण त्यांचे वडील स्वतः सिंगापूरच्या संघाचे गोलरक्षक होते. घरात पैसा कमी होता. पण खेळ होता! पुढे फांदी अहमद नेदरलँड्समधील संघाकडूनही खेळले. मूल खेळाकडे वळते, त्यात घरातील वळणाचाही वाटा असतो, तो असा.

आता आपल्या पुण्याकडे वळू. सिंगापूरप्रमाणे येथेही इंग्रजांचेच राज्य होते आणि येथेही गोऱ्या साहेबांचा क्लब होता. त्या पूना क्लबात बाळू पालवणकर नावाचा एक तरुण नोकरीला होता. पगार महिना चार रुपये. मैदानावर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, रेषा आखायच्या, ही त्याची कामे. बाळूंचा जन्म त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात झाला होता.

साहेबांना फलंदाजीचा सराव करायचा असे. मग ते बाळूंच्या हाती चेंडू देत. बाळू तासन् तास गोलंदाजी करत. त्यांचा चेंडू असा काही वळे, की भलेभले फलंदाज चकत. पण साहेबांनी त्यांच्या हाती बॅट कधी दिली नाही. घाम गाळायची गोलंदाजी चाकराने करावी आणि फलंदाजी साहेबाने करावी, अशी ती रीत होती.

पुण्यातील हिंदू संघाला चांगला गोलंदाज हवा होता. बाळूंना घ्यावे की नाही, यावर वाद झाला. शेवटी त्यांना संघात घेतले. मैदानावर सारे एकाच चेंडूने खेळत. तोच चेंडू बाळूंच्या हातून इतरांच्या हाती जाई. पण चहाची वेळ झाली, की बाकीचे खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. मुलांनो, त्या वेळी त्यांना काय वाटले असेल?

बाळूंनी खेळ सोडला नाही. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला हरवले. त्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली भारतातील खेळाडूंचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले! तरीही हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्यांची निवड कधी झाली नाही. १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मात्र तो मान मिळाला.

बाळूंच्या बोटांत कला होती, हे खरेच. पण ते मैदानावर कामाला नसते, तर ती कोणाला दिसली असती का? मैदानाच्या बाहेरच राहिलेले असे किती बाळू असतील?

आता तुमच्या आजूबाजूला पाहा. शाळा सुटल्यावर मैदानावर कोण येते? कोण येत नाही? एखादा मित्र हॉटेलात कपबश्या विसळतो. एखादी मैत्रीण धाकट्या भावाला सांभाळते. "मुलीच्या जातीला कसले आले खेळ?" असे तिला घरी ऐकावे लागते. कोणाकडे बूट नसतात. कोणाच्या घरी "आधी अभ्यास, खेळून का पोट भरणार आहे?" असे म्हणतात. आणि कोणाला मात्र नवी बॅट मिळते, शिकवणारे गुरुजी मिळतात. मग जिंकणारा तो एकच का असतो, हे कोडे तुम्हांला उलगडेल. खेळात मेहनत लागतेच; पण मेहनत करायला आधी मैदानावर येता आले पाहिजे.

फॅरर पार्कची गोष्ट अजून संपलेली नाही. तेथे नवी घरे बांधण्याची योजना २०२१ साली जाहीर झाली. तेव्हा 'आमचे मैदान राहू द्या' अशी मागणी अनेक नागरिकांनी केली. घरे तर हवीतच. पण त्यांच्याजवळ खेळण्याची जागाही राखायची, असे त्या योजनेत ठरले. घोड्यांच्या शर्यती मात्र २०२४ साली सिंगापुरात कायमच्या बंद झाल्या.

उद्या खेळाचा तास असेल. संघ पाडताना कडेला उभे असलेल्या मुलांकडे एकदा पाहा. त्यांतील एकाला हाक मारा आणि चेंडू त्याच्या हाती द्या. बॅटही द्या बरे का!

शब्दार्थ
मोतद्दार – घोड्याची देखभाल करणारा चाकर
खरारा करणे – घोड्याचे अंग घासून स्वच्छ करणे
वर्गणी – सभासदाने ठरावीक वेळी द्यायचे पैसे
हातभार लावणे – मदत करणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रेसकोर्स रोडला ते नाव कशामुळे मिळाले?
(आ) बाळू पालवणकर पूना क्लबात कोणती कामे करत?
२. कारणे सांगा.
(अ) घोड्यांच्या शर्यती हा श्रीमंतांचा खेळ होता.
(आ) मैदान दारात असूनही खेळ मोतद्दाराचा नव्हता.
३. फांदी अहमद यांच्या घरी काय कमी होते आणि काय होते? त्याचा त्यांना कसा उपयोग झाला असेल?
४. चहाच्या वेळी तुम्ही बाळूंच्या संघात असता, तर काय केले असते? पाच-सहा वाक्ये लिहा.

उपक्रम
आजी-आजोबांना विचारा : लहानपणी तुम्ही कोणते खेळ खेळत होता? कोणते खेळ खेळायला मिळाले नाहीत? का? त्यांची उत्तरे वहीत लिहा व वर्गात वाचून दाखवा.