गाडीखालचं प्लास्टिक: जोड असा द्या की हायवेवर सुटणार नाही



जळगाव-धुळ्यात स्पोर्ट्स कार रोज कुठे दिसते, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण जमिनीला टेकलेल्या त्या गाडीखालचं प्लास्टिकचं कव्हर जो नीट जोडतो, तो कुठल्याही गाडीचं बंपर, स्प्लॅश गार्ड आणि बाइकचं फेअरिंग डोळे झाकून जोडतो. म्हणून आज अवघड कामच शिकायचं.

हे कव्हर गाडीखालून जाणारी हवा सरळ ठेवतं, इंजिनला चिखल-दगडापासून वाचवतं. स्पीड ब्रेकरला घासलं की तडा जातो, नट-बोल्टचं भोक फाटतं. मग कोणी फेव्हिक्विक लावतं, कोणी तार बांधतं. एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यावर वेगात असताना ते लोंबलं, तर चाकाखाली येईल किंवा मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जाईल. आपलं काम इतकं जोखमीचं आहे.

1. आधी प्लास्टिक ओळखा. पार्टच्या मागे ‘पीपी’, ‘पीए66’, ‘एबीएस’ अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. बहुतेक कव्हर पीपीचं असतं. ‘जीएफ30’ म्हणजे त्यात 30 टक्के काचतंतू. जळगावात पाइपचा धंदा मोठा, त्यामुळे पीव्हीसी हाताशी असतं. पण पीपीवर पीव्हीसीचा रॉड चिकटत नाही, वर त्याचा धूर घातक. पीपीला पीपीच लागतं. रॉड नसेल तर त्याच जातीच्या भंगार कव्हरच्या पट्ट्या कापा. कापडासारखं नमदा कव्हर किंवा कार्बन फायबर असेल, तर वेल्डिंगचा नाद सोडा.

2. तडा थांबवा. तड्याच्या टोकाला 3 मिमीचं भोक पाडा, नाहीतर तो पुढे सरकतच राहतो. मग जाडीच्या दोन-तृतीयांश खोल ‘व्ही’ खाच करा. तेल, ग्रीस, धूळ पूर्ण साफ करा.

3. वितळवा, जाळू नका. पीपीसाठी हॉट एअर गनची हवा साधारण 250 ते 300 अंश ठेवा. रॉड आणि कव्हर दोन्ही एकदम मऊ झाले पाहिजेत. नुसता रॉड वितळून वर बसला, तर तो नखाने उचकटतो. आधी भंगार तुकड्यावर जोडून वाकवून बघा.

4. मागून बळ द्या. आतल्या बाजूला स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी तापवून प्लास्टिकमध्ये पूर्ण बुडवा, वर पीपीचा थर द्या. फाटलेल्या भोकाभोवतीही जाळी, आणि बोल्टखाली रुंद वायसर.

5. उन्हाला जागा ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो. 1 मीटरची पीपी पट्टी 30 अंश तापली, तर साधारण 3 ते 4 मिमी वाढते. म्हणून भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं ठेवा, बोल्ट करकचून आवळू नका. ऑइल बदलायची झडप आणि पाणी जायची भोकं बुजवू नका. सायलेन्सरजवळची उष्णतारोधक पत्री जागच्या जागी परत लावा.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. स्टँड लावा. दार उघडं ठेवा, मास्क घाला.

आता हिशोब. समजा तुमचा तास 200 रुपयांचा. काढणं, जोडणं, बसवणं मिळून 3 तास, म्हणजे 600. साहित्य 150. खर्च 750, घेतले 1,000, सुटले 250. काम परत आलं, तर पुन्हा 750 खिशातून गेले. म्हणजे 500 चा तोटा. दुसऱ्या दोन चांगल्या कामांचा नफा त्यात बुडाला!

म्हणून तुकडे हरवलेलं, जळालेलं कव्हर आलं, तर स्पष्ट सांगा: “भाऊ, हे नवीनच टाका.” त्या दिवशी हजार रुपये जातील, पण धुळ्याच्या हायवेवरचं गिऱ्हाईक तुमचं नाव विसरणार नाही.

गृहपाठ: या आठवड्यात भंगारवाल्याकडून पाच तुटके पार्ट आणा. प्लास्टिक ओळखून वहीत लिहा, एक जोडा, आणि हाताने तोडायचा प्रयत्न करा. जोडाच्या बाजूला तुटलं तर पास, जोडावरच तुटलं तर पुन्हा सराव!