ब्राउझरमधील सुरक्षा-इशारे : निदान व चिकित्सा

मोठ्या संगणकीय माहितीसंचांशी नंदुरबार जिल्ह्याचा संबंध नवा नाही. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावी देण्यात आला. आज शहादा, तळोदा वा धडगाव येथे व्यवसाय करणारा वैद्यही संहितांचे संगणकीय पाठ पाहतो, आयुष संशोधन पोर्टल व पबमेडवर संदर्भ शोधतो आणि कित्येक अर्ज ब्राउझरमधूनच भरतो. असे काम चालू असता पडद्यावर सुरक्षेचा इशारा उमटला, की आपल्यापैकी काही जण तो न वाचताच ‘पुढे जा’ या बटणावर टिचकी मारतात, तर काही जण घाबरून काम सोडून देतात. पहिला मार्ग म्हणजे निदान न करता ज्वर दाबणे. दुसरा म्हणजे रुग्णास न तपासताच परत पाठविणे. इशारा हे लक्षण आहे. त्यामागील हेतू कसा ओळखावा आणि उपाय कोणत्या क्रमाने करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

१) प्लगिन आणि त्यातील दोष

ब्राउझरला स्वतः जे करता येत नाही ते करून देणारी, बाहेरून जोडलेली लहान आज्ञावली म्हणजे प्लगिन. २००० नंतरच्या दशकात पीडीएफ वाचण्यासाठी, चलच्चित्रासाठी फ्लॅश आणि डिजिटल स्वाक्षरीसारख्या कामांसाठी जावा, अशी प्लगिने संगणकावर असावी लागत. काही प्लगिनांना थेट संगणकातील फायलींपर्यंत पोहोचता येई. हेच त्यांचे बळ आणि हाच त्यांचा दोष होता. त्यांतील त्रुटींमधून घातक आज्ञावली आत शिरू लागल्या.

यावर टप्प्याटप्प्याने उपाय झाले. जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या जावा ७ च्या ५१व्या सुधारणेपासून विश्वसनीय स्वाक्षरी नसलेले जावा-घटक नेहमीच्या मांडणीत रोखले जाऊ लागले. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची प्लगिने बंद केली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅशखेरीज अन्य प्लगिने थांबविली. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालणेही बंद झाले. इंटरनेट एक्सप्लोरर ११ हा ब्राउझर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. पीडीएफ दाखविण्याची सोय तर आता ब्राउझरमध्येच असते.

यावरून एक साधा नियम निघतो. ‘फ्लॅश अद्ययावत करा’ असे आज सांगणारे कोणतेही पान खोटे समजावे.

२) लक्षणभेद

अ) सर्वच संकेतस्थळांवर ‘जोडणी खासगी नाही’ असा इशारा : प्रथम संगणकाची तारीख पाहावी. आमच्या एका सहकाऱ्याच्या सातपुड्यातील दवाखान्यात वीज गेल्यावर प्रत्येक वेळी हा इशारा येई. त्यांनी ब्राउझर दोनदा नव्याने बसविला, तरी गुण आला नाही. दोष होता संगणकाच्या आतील नाण्याएवढ्या बॅटरीत. ती संपल्याने वीज गेली की तारीख अनेक वर्षे मागे जाई. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर वैधतेचा आरंभ व शेवट नोंदलेला असतो. घड्याळ मागे पडले, की वैध प्रमाणपत्रही संगणकाला अवैध वाटते. बॅटरी बदलून तारीख लावताच तक्रार थांबली.

आ) तारीख योग्य, तरी जुन्या संगणकावर अनेक संकेतस्थळांवर इशारा : संगणकातील विश्वसनीय मूळ प्रमाणपत्रांची यादी जुनी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे एक बहुप्रचलित मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले, तेव्हा अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या उपकरणांवर इशारे येऊ लागले. विंडोज ७ ची सर्वसाधारण सुरक्षा-सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी थांबली असून क्रोमची १०९ नंतरची आवृत्ती तीवर चालत नाही. येथे तात्पुरते शमन पुरत नाही. प्रणालीच बदलावी लागते.

इ) एकाच संकेतस्थळावर इशारा : दोष बहुधा त्या संकेतस्थळाचा असतो. प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते किंवा पत्ता चुकलेला असतो. पत्त्यातील प्रत्येक अक्षर तपासावे. पत्ता बरोबर असेल तर संचालकांना कळवून थांबावे. तोवर तेथे पासवर्ड वा रुग्णाची माहिती भरू नये.

ई) जोड-विस्ताराविषयी इशारा : प्लगिनची जागा आता ‘एक्स्टेन्शन’ने घेतली आहे. ‘सर्व संकेतस्थळांवरील आपली माहिती वाचणे व बदलणे’ अशी अनुमती ते मागत असेल, तर आपण टंकित केलेली रुग्णाची नोंदही ते वाचू शकते, हे ध्यानी घ्यावे. क्रोमने २०२४ पासून जुन्या घडणीची एक्स्टेन्शने टप्प्याटप्प्याने बंद केली. ‘आधार नाही’ असा संदेश आल्यास ती काढून टाकावीत.

उ) पानाच्या आतच उमटणारा इशारा : ‘संगणकात विषाणू आढळला, या क्रमांकावर दूरध्वनी करा’ किंवा ‘फॉन्ट सापडला नाही, येथे टिचकी मारा’ असा मजकूर ब्राउझरचा नसतो, तो त्या पानाने रंगविलेला असतो. दूरध्वनी करू नये, काहीही उतरवून घेऊ नये. ते पान बंद करावे.

३) चिकित्साक्रम

इशारा आल्यास पुढील क्रम सोडू नये. संपूर्ण मजकूर वाचून त्याचे छायाचित्र घ्यावे. तारीख व वेळ पाहावी. दुसरे परिचित संकेतस्थळ उघडून दोष सर्वत्र आहे की एकाच ठिकाणी, हे ठरवावे. एक्स्टेन्शने तात्पुरती बंद करून पुन्हा पाहावे. नंतर ब्राउझर अद्ययावत करावा, तोही त्याच्या स्वतःच्या मेनूतून. पानावरील दुव्यावरून कदापि नव्हे.

एखादा जुना माहितीसंच जुन्या ब्राउझरखेरीज उघडतच नसेल, तर मायक्रोसॉफ्ट एजमधील इंटरनेट एक्सप्लोरर पद्धती त्या एकाच पत्त्यापुरती वापरून पाहावी. पूर्वी अशा प्रसंगी जावाची सुरक्षा-पातळी खाली आणण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. एका द्रव्यासाठी सगळ्या शरीराचे बल घटविण्यासारखा हा प्रकार आहे, तो टाळावा.

४) पथ्यापथ्य

तालुक्याच्या ठिकाणच्या सामाईक संगणकावर पासवर्ड साठवू नये. काम संपताच खात्यातून बाहेर पडावे. रुग्णनोंदींची एक प्रत संगणकापासून विलग ठेवावी. चुकून पासवर्ड दिला गेल्यास दुसऱ्या संगणकावरून तो तत्काळ बदलावा; आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विलंब न करता कळवावे.

रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, हा दंडक चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्यास घालून दिलेला आहे. त्या काळी तो जिभेवरील संयमाचा प्रश्न होता. आज न वाचता मारलेली एक टिचकीही तो दंडक मोडू शकते. जी स्त्री आपली व्यथा घरातही सांगत नाही, ती आपल्यापुढे सांगते आणि आपण ती संगणकात नोंदवितो. तिने टाकलेला विश्वास त्या नोंदीतही अखंड राहावा, यासाठी इशारा वाचण्यास लागणारा अर्धा मिनिट आपण अवश्य द्यावा, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे.