जागच्या जागी उडणारे विमान

स्टँडवर आपण एसटीत बसलेलो असतो. शेजारची गाडी हळूच मागे सरकते आणि आपल्याला वाटतं, आपलीच गाडी सुटली! खरे तर ती जागची हललेलीही नसते. डोळे असे फसतात, तसे शरीरही फसते. याच गमतीवर वैमानिकांना शिकवणारे एक यंत्र चालते. त्याचे नाव सिम्युलेटर.

विमान चालवायच्या खोलीसारखी हुबेहूब खोली सहा पायांवर उभी असते. पाय लांब-आखूड झाले की खोली हलते, कलते. पण ती जाऊन जाऊन जाणार किती? दोन-चार हात! मग धावपट्टीवरून सुसाट निघाल्यासारखे कसे वाटते?

गाडीने एकदम वेग घेतला की आपली पाठ बाकावर दाबली जाते. खुर्ची मागे कलली तरीही तसेच होते. आपल्या कानाच्या आत चुन्याचे अगदी बारीक खडे असतात. वेग वाढला काय नि डोके मागे कलले काय, ते मागेच सरकतात. म्हणून पडद्यावर धावपट्टी पळताना दाखवतात आणि खोली गुपचूप मागे कलवतात. शरीराला वाटतं, वेग वाढला! नंतर खोली इतकी सावकाश सरळ करतात की आतल्याला पत्ताच लागत नाही.

करून बघा : मित्राला डोळे मिटून जागच्या जागी दहा गिरक्या घ्यायला सांगा. तो पडू नये म्हणून जवळ उभे राहा. थांबल्यावरही त्याला फिरल्यासारखेच वाटेल. कारण कानातल्या वाटोळ्या नळ्यांमधले पाणी लगेच थांबत नाही.

ढगात शिरलेल्या वैमानिकाचे असेच होते. बाहेर काही दिसत नाही आणि शरीर खोटे सांगते. अमेरिकेत एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गन आपल्या भजनातल्या पेटीसारखा हवेवर वाजतो. तिथलेच भाते वापरून लिंक यांनी १९२९ साली शिकाऊ विमान बनवले. १९३४ साली तिकडे टपाल नेताना खराब हवेत लष्कराचे अनेक वैमानिक दगावले. तेव्हा लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. त्यात वर झाकण लावून, फक्त काट्यांकडे बघून विमान चालवायला शिकवत.

शरीर काहीही सांगो, काट्यांवर विश्वास ठेवायचा, हा तिथला धडा. जमिनीवर चुकले तर पुन्हा करता येते. आकाशात तशी सोय नाही.

सांगा पाहू : विमानाने ब्रेक लावला असे भासवायचे, तर खोली कुठे कलवाल?
(उत्तर : पुढे.)

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी