अँटिऑक्सिडंट ताटातूनच घ्या

प्रश्न : वय ७२. शेजारीण अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेते. मीही घेऊ का?
– एक वाचक, राजाजीनगर, बेंगळुरू

उत्तर : काकू, घाई नको. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४च्या निष्कर्षात बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला दिसला. अन्नातून मात्र ही द्रव्ये निर्धास्त घ्या. रोज भाज्या-फळे मिळून ४०० ग्रॅम पोटात जावीत. चावायला त्रास होत असेल तर शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून मुगाच्या वरणात मऊ शिजवा, वरून लिंबू पिळा. तुमच्याकडे घरोघरी असणाऱ्या नाचणीची ताकातली आंबील प्या. हाडांना कॅल्शियम मिळेल. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन चालू असेल, तर पालेभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बदलू नका.