फिरत्या मोटार-सफाई व्यवसायासाठी वाहनाची निवड



शिक्षण संपले की नोकरीच्या जाहिराती चाळत बसायचे, हा एकच मार्ग आता राहिलेला नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांत इमारतीगणिक मोटारी वाढल्या आहेत. त्या नीट स्वच्छ करून घेण्यासाठी गॅरेजमध्ये ताटकळायला मालकाला वेळ नसतो. अशा मालकाच्या आवारात जाऊन मोटार आतून-बाहेरून बारकाईने स्वच्छ करणे, पॉलिश करणे, सीट व गालिचे धुणे या कामाला 'मोबाईल कार डिटेलिंग' म्हणतात. भांडवल थोडे आणि मेहनत भरपूर, असा हा स्वयंरोजगार आहे.

या व्यवसायाविषयी विचारायला येणाऱ्या तरुणांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, गाडी कोणती घेऊ?" त्यावर मी उलट विचारतो, "दिवसाला पाणी किती लागेल?" पुष्कळांना हा प्रश्न गमतीचा वाटतो. तो गमतीचा नाही, हे सांगण्यासाठीच प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आमच्या वसाहतीतील एका होतकरू तरुणाने वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून पहिली रक्कम भरली आणि नवा कोरा छोटा ट्रक हप्त्यावर घेतला. त्यात हजार लिटरची टाकी बसवली, वर उंच छत केले. टाकी भरली की मागचे पाटे बसत. छतामुळे निम्म्या इमारतींच्या तळघरात गाडी शिरत नसे. कामे मिळत होती, पण जेमतेम दोन-तीन मोटारी होत. चौदा महिन्यांनी त्याने गाडी तोट्यात विकली. वडिलांचे पैसे गेले आणि कर्जाचा काही भाग अंगावर राहिला. मुलगा आळशी नव्हता, व्यसनी नव्हता. त्याने गाडी आधी घेतली आणि हिशेब नंतर केला, एवढीच त्याची चूक.

१. प्रथम कामाची पद्धत ठरवा

मोटार धुण्याच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रेशर वॉशरने पाणी मारून, फेस लावून पुन्हा पाण्याने धुतात. काटकसर केली तरी एका मोटारीला साधारण ५० ते ८० लिटर पाणी लागते. दुसरीत बादलीभर पाण्यात विशिष्ट द्रावण मिसळून मऊ कापडाने एकेक भाग पुसून घेतात. पुन्हा धुवावे लागत नाही. यात ८ ते १० लिटर पाण्यात काम होते. मात्र चिखलाने माखलेली मोटार या पद्धतीने पुसू नये. मातीचे कण रंगावर घासले जाऊन ओरखडे पडतात.

पाण्याचा प्रश्न केवळ वजनाचा नाही. मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाईमुळे बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड ठरवला होता. उन्हाळ्यात पाणीकपात आपल्या शहरांनाही नवी नाही. म्हणून दोन्ही पद्धती शिकून घ्याव्यात. ज्याला कमी पाण्यात काम येते, त्याला लहान वाहन पुरते.

२. वजनाचा हिशेब

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, हे आपण शाळेत शिकलो. येथे ते उपयोगी पडते. समजा, दिवसाला ५ मोटारी प्रेशर वॉशरने धुवायच्या आहेत आणि प्रत्येकी ६० लिटर पाणी लागते.

पाणी : ३०० किलो
टाकी, चौकट व पट्टे : ३५ किलो
प्रेशर वॉशर व पाइप : २५ किलो
व्हॅक्यूम क्लीनर : १० किलो
जनरेटर : ४५ किलो
द्रावणे, कापड, बादल्या, शिडी : ३० किलो
चालक व मदतनीस : १३० किलो
एकूण : ५७५ किलो

आता गाडीचे आर.सी. बुक पाहा. त्यात रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह कमाल वजन, असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक म्हणजे गाडीची क्षमता. रिकाम्या वजनात चालक धरलेला नसतो, म्हणून आपण तो वरच्या यादीत धरला. आपला भार क्षमतेच्या पाऊणपटीच्या आसपास असावा. मग ब्रेक, टायर आणि पाटे टिकतात. पाऊण टन क्षमतेच्या गाडीला वरील ५७५ किलो झेपतात. त्याच गाडीत हजार लिटर पाणी भरले, तर भार १,२७५ किलोंवर जातो. आमच्या तरुणाचे नेमके हेच झाले होते.

जादा भारासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. दंड एकदा भरता येतो. उतारावर ब्रेक लागला नाही, तर जे नुकसान होईल ते भरून देता येत नाही.

३. वाहनाचे पर्याय

(अ) दुचाकी : कमी पाण्याची पद्धत येत असेल तर सुरुवातीला स्कूटर पुरते. मागे पेटीत कापडे व द्रावणे, पुढे लहान व्हॅक्यूम क्लीनर, आणि पाणी इमारतीच्या नळाचे, अर्थात परवानगीने. उत्पन्न कमी, पण जोखीमही कमी.

(आ) तीनचाकी मालवाहू रिक्षा : गल्लीबोळांत सहज फिरते. क्षमता साधारण अर्धा टन. इंधनावरील व बॅटरीवरील, दोन्ही प्रकार मिळतात. वळणावर मात्र पाण्याच्या टाकीसह जपून चालवावी लागते. तीन चाकांची गाडी लवकर कलंडते.

(इ) बंद व्हॅन : मारुतीची ओम्नी व्हॅन १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती. २०१० मध्ये आलेल्या ईकोचा मालवाहू प्रकार आज अशा कामाला चालतो. सामान कुलपात राहते, पावसात भिजत नाही, आणि उंची कमी असल्याने बहुतेक तळघरांत जाता येते. सी.एन.जी. प्रकारात टाकीचे वजन व जागा लक्षात घ्यावी. भार त्या प्रमाणात कमी ठेवावा लागतो.

(ई) छोटा मालवाहू ट्रक : २००५ मध्ये टाटा एस आला आणि लोकांनी त्याला 'छोटा हत्ती' हे नाव दिले. आता इतर कंपन्यांच्याही अशा गाड्या आहेत. क्षमता पाऊण टनाच्या आसपास. हौदा उघडा असल्याने टाकी चढवणे-उतरवणे सोपे. पण सामानाला कुलूप नाही, आणि छत केले तर उंची वाढते.

निवड करण्यापूर्वी ज्या दहा इमारतींत काम मिळण्याची शक्यता आहे, तेथे जाऊन प्रवेशद्वाराची व तळघराची उंची मोजपट्टीने मोजावी. विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा ही मोजपट्टी अधिक खरे सांगते.

४. टाकी आणि वीज

टाकी मागच्या चाकांच्या आसाच्या किंचित पुढे आणि शक्य तितकी खाली बसवावी. अगदी मागच्या टोकाला बसवल्यास पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगचा ताबा कमी होतो. पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी भरलेली टाकी अधिक त्रासदायक ठरते. ब्रेक मारताच पाणी पुढे उसळते आणि वळणावर बाजूला झेपावते. यासाठी आतून आडवे पडदे असलेली टाकी घ्यावी, किंवा एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या बसवून एक संपल्यावर दुसरी वापरावी. टाकी दोरीने नव्हे, तर लोखंडी चौकटीत पट्ट्यांनी आवळावी.

प्रेशर वॉशर आणि व्हॅक्यूम क्लीनर प्रत्येकी साधारण दीड हजार वॅट वीज घेतात. लहान जनरेटरवर दोन्ही एकदम चालवू नयेत. आणखी एक गोष्ट प्रत्येकाने पाठ करून ठेवावी : बंद व्हॅनमध्ये किंवा तळघरात जनरेटर कधीही सुरू करू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि तो माणसाचा जीव घेतो. तळघरात काम असेल तर इमारतीची वीज मागून घ्यावी, किंवा बॅटरी-इन्व्हर्टर ठेवावा.

५. कागदपत्रे

मालवाहू गाडीची व्यावसायिक नोंदणी होते. तिला पिवळी नंबर प्लेट असते, आणि बॅटरीवरील व्यावसायिक गाडीला हिरवी. कायद्याच्या कलम ६६ नुसार भारासह वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. वाहन परवान्याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्यास ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते.

फिटनेस, म्हणजे आपण ज्याला 'पासिंग' म्हणतो, ते आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करावे लागते. गाडीची बॉडी कापणे, छत वाढवणे असे बदल आर.टी.ओ.ला विचारल्याशिवाय करू नयेत. घरगुती पांढऱ्या प्लेटची व्हॅन व्यवसायात वापरून विमा कंपनीला अंधारात ठेवणे हीही चूक आहे. अपघातानंतर विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो.

६. हप्त्याचे गणित

समजा, ५ लाख रुपये कर्ज १० टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे १०,६२४ रुपये पडतो, आणि एकूण सुमारे ६ लाख ३७ हजार रुपये फेडावे लागतात. जुन्या गाडीसाठी २ लाख रुपये त्याच व्याजाने ३ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ६,४५३ रुपये येतो.

आता एका मोटारीमागे खर्च जाऊन २५० रुपये हाती उरतात असे धरू. पहिल्या कर्जासाठी महिन्याला ४३ मोटारी केवळ हप्त्यापोटी धुवाव्या लागतील, आणि दुसऱ्यासाठी २६. घरखर्च त्यानंतरचा. पावसाळ्याचे चार महिने बाहेरची धुलाई मंदावते, हप्ता मात्र मंदावत नाही. म्हणून किमान तीन हप्त्यांची रक्कम बाजूला असल्याशिवाय सही करू नये.

जुनी गाडी घेताना ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्यावे. चासी गंजली आहे का, पाटे बसले आहेत का, कर्जाचा बोजा आर.सी.वरून उतरला आहे का, हे पाहावे. या व्यवसायात गाडीत रोज पाणी सांडते, त्यामुळे गंजलेली चासी फार काळ तग धरत नाही.

कर्जासाठी २०१५ मध्ये सुरू झालेली मुद्रा योजना आहे. तिच्यात शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख आणि तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. अनुसूचित जाती व नवबौद्ध तरुणांसाठी १९७८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. अटी बदलत असतात, म्हणून जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन चौकशी करावी. मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

समारोप

मित्रहो, वाहन ही प्रतिष्ठेची वस्तू नसून कामाचे हत्यार आहे. आधी काम, मग पाणी, मग वजन, मग हप्ता आणि शेवटी गाडी, हा क्रम ध्यानात ठेवावा. वर सांगितलेला तरुण आज स्कूटरवर कमी पाण्याच्या पद्धतीने काम करतो. उरलेले कर्ज फेडत आणले आहे. पुढची गाडी घेण्यापूर्वी तो वही घेऊन माझ्याकडे आला होता. वहीच्या पहिल्या पानावर त्याने गाडीचे नाव लिहिले नव्हते. तेथे लिटर लिहिले होते.

अभ्यासासाठी
१) दिवसाला ८ मोटारी, प्रत्येकी ५० लिटर पाणी. वरील यादीतील इतर सामान तेच ठेवून एकूण वजन काढा. पाऊण टनाच्या गाडीला ते झेपेल का?
२) त्यांपैकी ४ मोटारी कमी पाण्याच्या पद्धतीने, प्रत्येकी १० लिटरमध्ये धुतल्या, तर वजन कितीने घटेल?
३) आपल्या वसाहतीजवळच्या पाच इमारतींच्या प्रवेशद्वारांची उंची मोजून तक्ता तयार करा.