दुसऱ्या वर्षाचा दरवाजा

१९९८ सालच्या जुलै महिन्यात, दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांच्या फाटकांवर गुणांच्या याद्या लागत होत्या आणि इतिहासाच्या ऑनर्स वर्गाचा आकडा दर यादीगणिक माझ्या बारावीच्या गुणांहून दोन-तीन टक्के वरच थबकत होता, तेव्हा ज्या एका वाक्याने आमच्या घराला धीर दिला त्याच वाक्याने पुढे माझ्या आयुष्याचे एक वर्ष खाल्ले. वडिलांच्या कचेरीतील एक स्नेही संध्याकाळी चहाला आले असता सहज म्हणाले, "पहिलं वर्ष पत्राचारानं काढू द्या, दुसऱ्या वर्षी चांगल्या कॉलेजात बदली करून घेता येते. सगळे असंच करतात."

वडील केंद्र सरकारच्या सचिवालयात कारकून होते. 'बदली' हा शब्द त्यांच्या हाडीमांसी मुरलेला. नोकरीतल्या बदलीत माणसाबरोबर त्याची ज्येष्ठता जाते, पगार जातो, सेवापुस्तिका जाते, आणि नव्या दफ्तरात त्याची खुर्ची हुकूम निघण्यापूर्वीच रिकामी असते. विद्येच्या व्यवहारातही हाच शिरस्ता असणार, असे आम्ही दोघांनी गृहीत धरले आणि खातरजमा करण्याचे श्रम घेतले नाहीत. माझ्या पुढच्या साऱ्या त्रासाचे मूळ या एका गृहीतात आहे.

इतिहासच का, हे सांगितल्यावाचून माझी तेव्हाची घालमेल कळणार नाही. आम्ही राहत होतो पटपडगंज भागात, यमुनेच्या पूर्वेस. ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच परिसरात जनरल लेकच्या इंग्रजी फौजेने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा मोड केला आणि दिल्लीवरची मराठ्यांची सत्ता संपली. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात उभा आहे. दिल्लीतल्या मराठी मुलाला, ज्याला शाळेत 'तुम लोग कहाँ से आए हो' असे वारंवार विचारले जाते, त्याला आपल्या पायांखालची माती आपल्याही पूर्वजांना ओळखते हे समजले की इतिहास हा विषय राहत नाही, ती ओढ होते.

तेव्हा मी पत्राचार विद्यालयात नाव घातले. दिल्ली विद्यापीठाचे हे विद्यालय १९६२ साली सुरू झाले, आज ते स्कूल ऑफ ओपन लर्निंग या नावाने ओळखले जाते, आणि देशातील दूरशिक्षणाचा तो पहिला प्रयोग होय. कॅव्हलरी लाइन्समधील त्याच्या इमारतीसमोर माझ्याबरोबर रांगेत उभे असलेले लोक मला अजून आठवतात: दुकानात हिशेब लिहिणारी मुले, लग्न झालेल्या स्त्रिया, दिल्ली पोलिसातले शिपाई. छापील पाठांची पुडकी टपालाने येत, सुटीच्या दिवशी कुठल्या तरी महाविद्यालयाच्या वर्गात व्याख्याने होत, आणि वर्षअखेरीस विद्यापीठाची परीक्षा. त्या विद्यालयाविषयी माझी तक्रार नाही, उलट ऋणच आहे. माझी चूक अशी की, माहितीपत्रकात ऑनर्सच्या सदराखाली कलाशाखेचे इंग्रजी आणि राज्यशास्त्र हे दोनच विषय स्पष्ट छापलेले असताना मी त्या ओळीवरून नजर फिरवून पुढे गेलो. इतिहासाचा ऑनर्स तेथे नव्हता. मी बी. ए. पास या, म्हणजे एका विषयात विशेष पदवी नसलेल्या, अभ्यासक्रमात इतिहास आणि राज्यशास्त्र घेतले, आणि पास व ऑनर्स हे एकाच जिन्याचे खालचे-वरचे मजले आहेत, अशा भाबड्या समजुतीने वर्षभर मन लावून वाचले.

१९९९ च्या उन्हाळ्यानंतर निकाल हाती आला. गुण चांगले होते. ती गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी एका महाविद्यालयात गेलो. तेथील कारकून वयस्क होते, आवाज मऊ होता. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "बेटा, पेपर मैच नहीं करते." मग त्यांनी समजावले की दुसऱ्या वर्षात स्थलांतर होते ते त्याच अभ्यासक्रमात, जागा रिकामी असेल तर, आणि पहिल्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका जुळत असतील तर; पासच्या इतिहासाची प्रश्नपत्रिका म्हणजे ऑनर्सच्या इतिहासाची नव्हे. पासच्या वर्गात यायचे तर माझी विषयांची जोडी त्यांच्याकडे शिकवली जात नव्हती. आणि नव्याने पहिल्या वर्षात बसायचे तर बारावीच्या गुणांची जुनी भिंत जागच्या जागी होती, शिवाय अर्जाची मुदतही उलटली होती.

येथवर झाले ते अज्ञान. यापुढे जे घडले तो माझा अविचार, आणि तोच मी तरुणांना पोटतिडकीने सांगतो. अपमान झाल्यासारखे वाटून मी पत्राचाराच्या दुसऱ्या वर्षाचे शुल्कच भरले नाही. जे हवे ते मिळाले नाही म्हणून जे हाती होते तेही सोडले. वडिलांनी दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले नाही. ते वर्ष मी जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्थानकासमोरच्या दिल्ली पब्लिक लायब्ररीत आणि फिरोजशहा मार्गावरील साहित्य अकादमीच्या ग्रंथालयात काढले. शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१' तेथेच वाचले. वाचन वाया गेले नाही हे खरे, तथापि वाचनासाठी वर्ष सोडण्याची गरज नव्हती, हेही तितकेच खरे. ते पुस्तक दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी म्हणूनही मला मिळाले असते.

पुढच्या वर्षी पुन्हा त्याच रांगेत उभा राहिलो, पासची पदवी पुरी केली आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या एम. ए. इतिहासाच्या प्रवेशपरीक्षेला बसलो. त्या परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकत होता. म्हणजे ज्या विषयाच्या दारावर मी एक वर्ष कपाळ आपटले त्याचे दुसरे दार सर्वकाळ उघडे होते. १९९९ साली मी ते कोणाला विचारलेच नव्हते.

अशी बदली सुरळीत होते तेही मी पाहिले आहे. माझ्या मावसबहिणीची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीत काउंटी कॉलेजात, म्हणजे तिकडच्या कम्युनिटी कॉलेजात, दोन वर्षे इतिहास, गणित, इंग्रजी असे संमिश्र विषय शिकून मग राज्य विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात गेली, तेव्हा मला प्रथम वाटले की तिच्या नशिबाने तिला साथ दिली. पाहतो तो त्यात नशिबाचा संबंध नव्हता. १९०१ साली इलिनॉयमधील जोलिएट येथे असले पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय निघाले. १९६० साली कॅलिफोर्नियाने कनिष्ठ महाविद्यालय ते विद्यापीठ असा मार्ग राज्याच्या योजनेतच आखला. आणि न्यू जर्सीत तर २००७ साली कायदा करून, दोन वर्षांच्या पदविकेचे श्रेयांक सरकारी विद्यापीठांनी मान्य करावेत असे ठरवले. तिकडे पूल आधी बांधलेला असतो, विद्यार्थी मागाहून येतो.

आपल्याकडे 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव ऐकून कोणी हुरळू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतली ही महाविद्यालये मुख्यत्वे कौशल्यशिक्षणाची आहेत; साहित्य-इतिहास-तत्त्वज्ञान शिकून विद्यापीठात शिरण्याची ती पायरी नव्हे. दिल्लीच्या परिसरात ती पायरी म्हणून लोक ज्यांचा उपयोग करतात त्या संस्था तीन: स्कूल ऑफ ओपन लर्निंग, १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि मुलींसाठी शनिवार-रविवारी वर्ग भरवणारे, १९४४ पासून चालत आलेले नॉन-कॉलेजिएट मंडळ. तिन्ही चांगल्या आहेत. मात्र त्यांतून दुसरीकडे जायचे असेल, तर चौकशी उलट्या टोकापासून करावी, म्हणजे जेथे जायचे तेथे आधी जावे. ज्या विभागाच्या दुसऱ्या वर्षात बसायचे मनात आहे त्याच्या कार्यालयात पहिल्या वर्षाचा अर्ज भरण्यापूर्वी जाऊन, कोणत्या नावाच्या प्रश्नपत्रिका, किती श्रेयांकांच्या, ते मान्य करतील, हे लेखी विचारावे. तोंडी 'हो जाएगा' हा दस्तऐवज नव्हे.

श्रेयांकांची गोष्ट विशेष जपून घ्यावी. २०२१ पासून श्रेयांकांची बँक झाली आहे आणि तिच्यात जमा झालेले श्रेयांक साधारणतः सात वर्षे टिकतात. त्यामुळे पुष्कळ पालकांची अशी समजूत झाली आहे की मुलगा आता कोठूनही कोठेही जाईल. पण आयोगाच्या चौकटीत चार वर्षांचे किमान १६० श्रेयांक, दिल्ली विद्यापीठाच्या २०२२ च्या चौकटीत सत्राला २२ म्हणजे चार वर्षांचे १७६, आणि मुक्त विद्यापीठाच्या जुन्या बी. ए. ला तीन वर्षांचे अवघे ९६, ज्यांतला प्रत्येक ३० तासांच्या अभ्यासाचा धरलेला. नाणे एकाच नावाचे, वजन निराळे. आणि श्रेयांक जमा असले तरी बसायला जागा लागते. ती बँक देत नाही.

मुक्त विद्यापीठात जाणाऱ्याने स्वाध्याय वेळेत देऊन पोच घ्यावी आणि ती पोच पदवी हाती येईपर्यंत फाडू नये. प्रवेशाच्या वर्षीचे माहितीपत्रक जपून ठेवावे. नियम बदलले तर तेच आपल्या बाजूने साक्ष देते. आणि नकार मिळाला तर त्या आठवड्यात कोणताही निर्णय करू नये.

गेल्या महिन्यात इंदिरापुरम येथे राहणारी एका मराठी कुटुंबातली मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे सल्ला विचारायला आली होती. नॉन-कॉलेजिएट मंडळातून बी. ए. करून पुढे ऑनर्सला जायचा तिचा बेत होता. मंडळाचे माहितीपत्रक मी तिच्यासमोर ठेवले: प्रवेश केवळ दिल्ली राज्यात राहणाऱ्या मुलींना. इंदिरापुरम गाझियाबादेत, म्हणजे उत्तर प्रदेशात. मेट्रोने वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर, पण नियमाच्या दृष्टीने दुसरे राज्य. तिचा चेहरा उतरला. वडील मोबाइलवर दिल्लीतल्या आत्याचा पत्ता शोधू लागले, तेव्हा खोट्या रहिवासावर शिक्षणाचा पाया घालू नका, असे मला त्यांना थोडे कठोरपणे सांगावे लागले.

मुलीने मात्र वही काढली. तिला राज्यशास्त्र हवे होते, आणि तो ऑनर्स ओपन लर्निंगमध्ये मिळतो. माझ्यासमोर बसून तिने तीन प्रश्न लिहिले आणि सोमवारी ज्या महाविद्यालयात पुढे जायचे तेथे एकटीच गेली. दोन प्रश्नांची उत्तरे तिला शिक्क्यानिशी मिळाली. तिसऱ्यासाठी, संबंधित बाई रजेवर असल्याने, गुरुवारी यायला सांगितले. रात्री फोनवर तिचे वडील मागून म्हणत होते की दोन मिळाली तेवढी पुरेत, एवढ्या उन्हात पुन्हा कशाला.

"काका," ती मला म्हणाली, "मी गुरुवारी जाते."